मायाच्या नावावर

प्रियदर्शनी डोंगरदिवेला इंग्लंडला जायची तयारी दोनदा करावी लागली. पहिल्या वेळी तिला हौस होती. प्रत्येक कागदाची प्रत काढताना, पाकिटावर पत्ता लिहिताना तिचा हात अलगद पडायचा. दुसऱ्या वेळी तेच कागद, तीच पाकिटं, त्याच रांगा. हौस मात्र मधल्या वर्षात कुठंतरी संपून गेली होती.

तिचे वडील देवमन रेल्वेत गँगमन होते. बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्येच ती लहानाची मोठी झाली. वडील निवृत्त झाल्यावर घर अमरावतीला आलं, दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. प्रियदर्शनी भूशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिवस्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. सकाळची एसटी, चार तास, परतीची एसटी. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज, नव्यानं मुलाखत, आणि नेमणूक फक्त पुढच्या मार्चपर्यंत. अशी पाच वर्षं गेली.

तिला खरी गोडी पाण्याची होती. वडिलांचं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लहानपणी सुट्टीत गावी गेलं की पोट बिघडायचं, आणि आजी म्हणायची, आपल्या जमिनीखाली समुद्र आहे. तो समुद्र तिथं कसा आला आणि गोडं पाणी कुठं सापडेल, हे तिला शिकायचं होतं. भूजलाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात सापडला. अर्ज केला, प्रवेश मिळाला. सरकारी शिष्यवृत्तीच्या यादीतही नाव लागलं. त्या दिवशी देवमननं शेजारी पेढे वाटले आणि ज्यानं त्यानं विचारलं, "लंडनले का?" लंडन नाही म्हणून सांगायचा प्रियदर्शनीनं आधी प्रयत्न केला, मग सोडून दिला.

त्यानंतर सुरू झाली कागदांची ये-जा. विद्यापीठातून गुणपत्रकांची सीलबंद पाकिटं काढायची. दहावीच्या सनदेवर नाव एका तऱ्हेनं, पासपोर्टवर दुसऱ्या, त्याचं प्रतिज्ञापत्र. नागपूरला जाऊन इंग्रजीची परीक्षा. प्राचार्यांचं शिफारसपत्र. प्राचार्य भले गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो." तेव्हा तिनं एका रविवारी बसून स्वतःविषयीच लिहिलं, की ही अतिशय कष्टाळू आणि प्रामाणिक शिक्षिका आहे. प्रामाणिक हा शब्द तिनं दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला.

शेवटी एकच गोष्ट राहिली. सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्याला क्षयाची तपासणी करून घ्यावी लागते. छातीचा फोटो काढायचा, प्रमाणपत्र घ्यायचं, मग व्हिसाचा अर्ज. तिला मिळालेली तारीख मुंबईच्या केंद्रातली होती, जुलैची.

"मी येतो तुह्यासंगं," आई म्हणाली.

चतुराबाई या सगळ्या धावपळीत एकदाही कुठं आली नव्हती. नागपूरला नाही, कचेरीत नाही. अकोल्यापलीकडं ती आयुष्यात गेली नव्हती. पण फोटो छातीचा काढतात हे कळल्यावर तिनं पिशवी भरली. प्रियदर्शनीला कारण ठाऊक होतं. त्या गोष्टीवर दोघीही सोळा वर्षं काही बोलल्या नव्हत्या.

आठवीत असताना प्रियदर्शनीला खोकला लागला होता. संध्याकाळी अंग तापायचं, गणवेश ढगळ होत चालला होता. रेल्वेचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर, पण चतुराबाई तिला तिथं घेऊन गेली नाही. ती तिला अकोल्याला आपल्या धाकट्या बहिणीकडं, सत्यभामाकडं घेऊन गेली. तिथल्या सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली आणि क्षय निघाला. त्या काळी औषधं घरी मिळत नसत. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं, नर्ससमोर गोळ्या गिळायच्या. प्रत्येक रोग्याच्या नावाची औषधांची पेटी असायची. प्रियदर्शनीच्या पेटीवर नाव होतं माया खंडारे. माया ही सत्यभामाची मुलगी, तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. "तिथी तुहं नाव नाई सांगायचं," आईनं बजावलं होतं. नर्स "माया" म्हणून हाक मारायची, मावशी हळूच पाठीला हात लावायची, आणि तेरा वर्षांची प्रियदर्शनी उठून पुढं जायची. सहा महिन्यांनी ती बरी होऊन बडनेऱ्याला आली. क्वार्टरमध्ये सगळ्यांना सांगण्यात आलं, की पोरगी मावशीकडं शिकायला होती.

मुंबईच्या केंद्रात एक अर्ज भरायचा होता. आई शेजारी बसली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण लेकीचं पेन एका जागी थांबलं हे तिला दिसलं.

"काय इचारून राहिले?"

"आधी हा आजार झाला होता का म्हणून."

"नाई लिहाय."

प्रियदर्शनीनं "नाही"पुढं खूण केली.

फोटो काढून अर्धा तास झाला नसेल, तिला आत बोलावलं. आईही मागोमाग गेली. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, चष्मेवाल्या. त्यांनी पडद्यावरच्या फोटोत उजव्या बाजूला वर बोट ठेवलं. "इथं एक जुना डाग दिसतोय. पूर्वी कधी टीबी झाला होता?"

"नाई, नाई," आई मागून म्हणाली. "निमोनिया झालता तिले."

डॉक्टरबाई प्रियदर्शनीकडं पाहत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाईही नव्हती. तेच कदाचित तिला झेपलं नाही.

"झाला होता," ती म्हणाली. "तेरा वर्षांची होते. सहा महिने पूर्ण औषधं घेतली."

डॉक्टरबाईंनी तिच्याकडून खूण दुरुस्त करून घेतली, बाजूला सही घेतली. मग समजावून सांगितलं: डाग जुना वाटतो, पण खात्री करावी लागेल. तीन दिवस रोज सकाळी थुंकी द्यायची. तिच्यात जंतू वाढतात का ते पाहायला आठ आठवडे लागतात. जुन्या उपचारांचे कागद असतील तर पाठवा, आमच्या नोंदीला बरं. नसतील तरी काही हरकत नाही, पण आठ आठवडे थांबावंच लागेल.

प्रियदर्शनीनं मनातल्या मनात महिने मोजले. सप्टेंबरचा तिसरा आठवडा, आणि व्हिसाचा अर्ज त्यानंतर. विद्यापीठात वीस सप्टेंबरच्या आत हजर व्हायचं होतं.

तीन दिवस त्या दादरजवळच्या एका लॉजमध्ये राहिल्या. सकाळी उपाशीपोटी केंद्रावर, मग दिवसभर खोलीत. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. आईनं घरून आणलेल्या भाकरी दुसऱ्या दिवशी कडक झाल्या, त्या त्यांनी चहात बुडवून खाल्ल्या. आईनं त्या तीन दिवसांत डॉक्टरबाईंच्या खोलीतल्या फोटोविषयी एक शब्द काढला नाही.

परतीच्या गाडीत, भुसावळ सोडल्यावर, ती बोलली.

"तुले आठवत होतं सारं?"

"सारं आठवते, आई."

"मंग कधी बोलली नाई."

"तू तरी कुठं बोलली?"

चतुराबाईनं पदरानं तोंड पुसलं. "रेल्वेच्या दवाखान्यात नेलं असतं तं क्वार्टरच्या साऱ्या लाइनीले समजलं असतं. तुहं शिकनं, तुहं लगन, सारंच बसलं असतं. मी काय करू मंग?"

शिकणं झालं होतं. लग्न तसंही जमलं नव्हतं. प्रियदर्शनी खिडकीबाहेर पाहत राहिली. अकोला आलं, गेलं.

कागद मिळवायचेच, असं तिनं ठरवलं. ते आल्यानं आठ आठवडे कमी होणार नव्हते, हे तिला समजत होतं. पण नुसतं बसून राहणं तिला जमेना. मावशी दोन वर्षांपूर्वी वारली होती. तिची लोखंडी पेटी माया आपल्या घरी घेऊन गेली होती, बार्शीटाकळीला. मावशी कागद टाकणाऱ्यांतली नव्हती. लाइटबिलंसुद्धा ती दोऱ्यानं बांधून ठेवायची. ऑगस्टच्या एका सकाळी प्रियदर्शनी अकोल्याला उतरली आणि तिथून एसटीनं बार्शीटाकळीला गेली.

माया तिथं अंगणवाडी सेविका होती. प्रियदर्शनी पोचली तेव्हा वीस-बावीस पोरं ओळीत बसून खिचडी खात होती. मायानं तिच्याकडं पाहिलं, मान हलवली आणि वाढत राहिली. पोरं हात धुऊन गेली, भांडी घासायला टाकून झाली, रजिस्टर भरून झालं, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"मायाताई, मावशीच्या पेटीत एक कार्ड असन. दवाखान्याचं. मले इंग्लंडच्या कामासाठी पायजे होतं."

"कोनाच्या नावाचं कार्ड?"

प्रियदर्शनी अडखळली. "तुझ्या."

"माह्या." माया हसली, पण ते हसू तिच्या डोळ्यांत नव्हतं. "माह्या नावाचं कार्ड दाखवून तू जाशीन का इंग्लंडले?"

हे प्रियदर्शनीच्या लक्षातच आलं नव्हतं. नाव दुसऱ्याचं, वय दुसऱ्याचं. ते कार्ड तिच्या काय कामाचं होतं? इतके दिवस कागद कागद करत फिरताना ही साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

"नाई हाय ते," माया म्हणाली. "आई गेली, तिचं पुन्यानुमोदन झालं, पाहुने गेले, अन् मी ते चुलीत टाकलं. चौदा वर्सं ठेवलं होतं बुढीनं. काहून ठेवलं, कोनास ठाऊक."

मग तिनं जे सांगितलं ते प्रियदर्शनीला ठाऊक नव्हतं.

औषधं सुरू करण्याआधी दवाखान्याचा माणूस पत्ता खरा आहे की नाही ते पाहायला घरी यायचा. तो आला. माणूस वाईट नव्हता, त्यानं आपलं काम केलं. गल्लीच्या तोंडाशी विचारलं, माया खंडारेचं घर कोणतं. त्याच्या हातात कागद होता, सायकलला दवाखान्याची पिशवी होती. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं. पुढं एकदा प्रियदर्शनीची गोळी चुकली तेव्हा तो पुन्हा आला. त्या वेळी माया एकोणीस वर्षांची होती. मूर्तिजापूरच्या एका मुलाशी तिचं जमलं होतं, दोन्हीकडून पसंती झाली होती, तारीख तेवढी काढायची राहिली होती. मुलाकडच्यांनी गल्लीत चौकशी केली आणि नंतर कोणी आलंच नाही.

"मी आईले म्हनलं, सांगून टाक ना, औषध घेते ते माही नाई, ताईची पोरगी हाय. आई म्हने, मी शब्द देल्ला हाय. मी म्हनलं, मंग मीच सांगतो. तं तिनं माह्यासमोर हात जोडले. आईनं हात जोडल्यावर काय करतं मानूस?"

त्यानंतर गल्लीतल्या लग्नात तिचं ताट वेगळं पडायचं. कोणी हळदीला बोलवायचं नाही. चार वर्षं ती घरातच बसली. मग बार्शीटाकळीचं हे स्थळ आलं. बायको वारलेली, दोन मुली.

"मानूस चांगला हाय," माया म्हणाली. "पोरीही चांगल्या हायेत. माहं वाईट नाई झालं. पन ते मी निवडलं नव्हतं."

"मले माहीत नव्हतं, ताई."

"हाक मारली का तू उठे. एवढं तं माहीत होतं तुले."

बाहेर हातपंपावर बायांचा आवाज येत होता. प्रियदर्शनीला रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. तिला फक्त अंगातलं बळ गेल्यासारखं झालं, इतकं की उठून एसटी स्टँडपर्यंत जायचंही जिवावर आलं.

"माफी मागू का तुझी?"

"काय करू तिचं?" माया उठली. "चहा घेऊन जाय. लांबून आली."

चहा झाला. निघताना मायानं विचारलं, "तिकडं कायचं शिकतेस?"

"जमिनीखालच्या पान्याचं."

"हं," माया म्हणाली. "शीक."

अमरावतीला परत आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. चतुराबाई तांदूळ निवडत होती. ऐकून ती थांबली नाही.

"माहीत होतं मले," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सोयरीक मोडली ते. सत्यभामा आलती तवा. बडनेऱ्याले, क्वार्टरच्या ओट्यावर बसली होती. म्हने, ताई, सांगून टाकू का आता? मी म्हनलं, माह्या पोरीचं अजून सारंच व्हायचं हाय. तुही मोठी हाय, निभावून नेईन." ताटातले खडे तिनं एका बाजूला सारले. "ते गेली. पुन्हा नाई बोलली."

देवमन पडवीत बसले होते. त्यांनी ऐकलं होतं. "मले म्हने पोरगी शिकाले ठेवली," ते म्हणाले. "मी इचारलंच नाई. इचारलं असतं तं सांगा लागलं असतं तिले."

त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही. पण भांडणही झालं नाही. भांडायला जोर लागतो.

थुंकीचा निकाल चोवीस सप्टेंबरला आला. काही नव्हतं. छाती स्वच्छ होती, डाग जुना होता, प्रमाणपत्र तयार होतं. विद्यापीठानं चार दिवस आधीच सभ्य भाषेत कळवलं होतं, की आपली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवत आहोत. शिष्यवृत्तीच्या कचेरीत तिनं पुढच्या वर्षाकरता अर्ज दिला. तिवस्याचे तिचे तास तोपर्यंत दुसऱ्या मुलीला मिळाले होते. ती मुलगी तिचीच विद्यार्थिनी होती, दोन वर्षांपूर्वीची. नोट्स मागायला घरी आली तेव्हा प्रियदर्शनीनं तिला सगळ्या वह्या देऊन टाकल्या.

ते वर्ष तिनं एका खाजगी शिकवणीत अकरावी-बारावीला भूगोल शिकवत काढलं. रस्त्यात भेटणारे विचारायचे, "काहून, गेली नाई का?" पहिले दोन महिने ती कारण सांगायची: व्हिसाला उशीर झाला. नंतर ती खरं सांगू लागली. लहानपणी टीबी झाला होता, त्याच्या तपासणीत वेळ गेला. माणसं एक पाऊल मागं सरायची आणि मग तब्येतीची काळजी घ्या म्हणायची. आईला ती हे सांगत सुटली आहे ते कळलं. आई रागावली नाही. पण त्यानंतर काही दिवस ती दारात उभी राहिली नाही.

जानेवारीत एका सकाळी चतुराबाई नवऱ्याला म्हणाली, "मले बार्शीटाकळीले नेऊन द्या." प्रियदर्शनी शिकवणीला गेली होती. परत आली तेव्हा दोघंही आले नव्हते. दुपारी मायाचा फोन आला. मायानं तिला आपणहून फोन करायची ती पहिलीच वेळ.

"तुही आई आलती," माया म्हणाली. "अंगनवाडीत. लसीचा दिवस होता, साऱ्या आया बसल्या होत्या पोट्टे घेऊन. सिस्टर होती. अन् तुही आई उभी राहून सांगे, या मायाले कधीच काही झालं नव्हतं, आजार माह्या पोरीले होता, मी हिचं नाव लावलं. सांगे अन् रडे."

"मग?"

"मंग काय! इथी कोनाले माहीत होतं बाई? इथी मले कोनी कधी काही म्हनलंच नाई. आता साऱ्या गावाले सांगत बसा लागते का काय झालं अन् काय नाई झालं. मी तिले म्हनलं, मावशी, सांगायचं होतं तं अकोल्याच्या गल्लीत सांगायचं होतं. तं म्हने, जातो."

"कुठं?"

"अकोल्याले. गेली ते. मी नको म्हनलं, पन गेली."

दिवस मावळायच्या सुमाराला दोघं घरी आले. चतुराबाईनं पाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली. बोलले ते देवमन. अकोल्याला उतरून ते त्या गल्लीत गेले. सत्यभामाचं घर पाडून तिथं तीन मजली इमारत झाली होती, खाली मोबाइलचं दुकान. अर्धी घरं नवीन माणसांची. चतुराबाई दोन दारांत गेली, लोकांनी तिला पत्ता चुकल्याचं सांगितलं. शेवटी गल्लीच्या टोकाला गंगूबाई नावाची एक म्हातारी भेटली. ती तेव्हापासूनची होती. चतुराबाई तिच्यापाशी जमिनीवर बसली आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गंगूबाईनं नीट ऐकून घेतलं.

"मंग काय म्हणाली?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"म्हने, कोन माया?"

चतुराबाईनं डोळे मिटले होते. डोळे न उघडताच ती म्हणाली, "बुढीले काईच आठवत नाई. सत्यभामा आठवते. तिचं घर आठवते. माया नाई आठवत." आणि मग, "ज्याइच्यासाठी लपवलं त्याइले काईच याद नाई, पोरी."

प्रियदर्शनीनं चहा ठेवला. तिच्या मनात राग होता, तो संपला नव्हता. पण साठीला आलेली ही बाई, तिच्या पायांना धूळ आणि लुगड्याच्या काठाला कुसळं, अशी भिंतीला टेकलेली पाहून तो राग कुठं ठेवावा ते कळेना. तिनं आईच्या हातात कप दिला आणि पायांखाली उशी सरकवली.

फेब्रुवारीपासून दुसरी तयारी सुरू झाली. इंग्रजीच्या परीक्षेची मुदत संपत होती, ती पुन्हा दिली. पहिल्यापेक्षा अर्धा गुण कमी आला, पण पुरला. प्रतिज्ञापत्राची तारीख जुनी झाली होती, ते नवीन केलं. प्राचार्य बदलले होते. नवे प्राचार्यही म्हणाले, तुम्हीच लिहून आणा. तिनं जुनंच पत्र नवीन तारखेनं छापून नेलं. छातीच्या प्रमाणपत्राची मुदत सहा महिन्यांची, तीही कधीच उलटून गेली होती. जुलैमध्ये ती पुन्हा मुंबईला गेली, या वेळी एकटी. आई म्हणाली, "मी येऊन काय करू?" अर्जात तिनं "हो"पुढं खूण केली आणि वर्ष लिहिलं. डॉक्टर दुसरे होते. त्यांनी मागचा फोटो आणि आताचा फोटो शेजारी शेजारी लावले, डाग तसाच आहे म्हणाले आणि दुपारी दोनच्या आत प्रमाणपत्र दिलं. तिनं ते पिशवीत घातलं. वर्षभरापूर्वी ह्याच कागदासाठी ती रोज फोन पाहत होती. आता तिला भूक लागली होती, एवढंच जाणवलं.

व्हिसा आला त्या दिवशी देवमन म्हणाले, पेढे आणू का? ती म्हणाली, "राहू द्या, बाबा. मागच्या वर्सी झाले ना."

निघायच्या आठ दिवस आधी ती बार्शीटाकळीला गेली. काही मागायचं नव्हतं. मायाच्या थोरल्या मुलीला बारावीनंतर काय करावं याची माहिती हवी होती, त्या निमित्तानं माया ये म्हणाली होती. तिघींनी बसून कॉलेजांची नावं लिहून काढली. त्या गोष्टीचा विषय निघाला नाही. मुलगी आत गेल्यावर माया म्हणाली, "तुह्या आईचा फोन येते आता. दर आठ दिवसाले. काय जेवली, काय केलं, इचारते."

"तुले त्रास होते का? सांगू का तिले, नको करू म्हणून?"

मायानं थोडा विचार केला. "करू दे. तिले दुसरं काय सुचते आता?" मग म्हणाली, "मी सारं इसरलो असं समजू नोको. नाई इसरलो. पन रोज रोज याद ठिवाले बी दम लागते वं."

प्रियदर्शनी म्हणाली, "हो."

निरोपाला माया आली नाही. अंगणवाडीची तपासणी होती, आणि तपासणी नसती तरी ती आली असती असं नाही.

बडनेरा स्टेशनवर मुंबईची गाडी दुपारची होती. ती दीड तास उशिरानं येणार, अशी पाटी लागली होती. दोन बॅगा, देवमन, चतुराबाई, आणि प्रियदर्शनी. पहिला अर्धा तास सूचना झाल्या: पासपोर्ट जवळ ठेव, पोचल्यावर फोन कर, लोणच्याची बरणी उभी ठेव. मग बोलायचं काही उरलं नाही. वर्षभरात सगळं बोलून झालं होतं, बोलू नये तेही. देवमन फलाटाच्या टोकापर्यंत जाऊन नवीन टाकलेले स्लीपर पाहून आले आणि सिमेंटचे चांगले असतात म्हणाले. चतुराबाई बाकावर बसल्या बसल्या मोठ्या बॅगेवर डोकं टेकून झोपी गेली. तिचं तोंड जरा उघडं पडलं होतं. प्रियदर्शनीनं तिच्या कपाळावरचे केस मागं सारले. तिला वाटलं, आपणही असंच इथं आडवं व्हावं आणि गाडी येऊन निघून गेली तरी कोणी उठवू नये. विद्यापीठ, पाणी, इंग्लंड, सगळं खरं होतं आणि तिला ते हवंही होतं. पण आधी झोप हवी होती.

गाडीची घोषणा झाली तेव्हा तिनं आईच्या खांद्याला हात लावला.

"आली का?" चतुराबाईनं दचकून विचारलं.

"आली."

चतुराबाई उठली, पदर सारखा केला आणि दोन्हींतली जड बॅग उचलायला वाकली. देवमननं ती तिच्या हातून घेतली.